नेम नाकावर, फोकस कानावर

४ मार्च

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार नेहमीसारखाच मनापासून आहे, विनंती मात्र वैतागून आहे. आधीच सांगून ठेवते.

स्टुडिओला कुलूप लावताना तू तुझा कॅमेरा माझ्या हातात ठेवलास, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. आता तो नुसता बघितला तरी डोकं फिरतं. तू सांगितलंस तसे फोटो कागदावर छापून सोबत पाठवते आहे. सगळ्यांत माणूस पुसट आणि मागची भिंत लख्ख. बाबांच्या तरणतलावावरचे तर विचारूच नकोस. वर पत्रा, बाजूंना वाफेने धुरकटलेल्या काचा, आत कोंदट उजेड, आणि पोहणारी माणसं काही माझ्यासाठी थांबत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या जिराफाने (उंच आहे म्हणून जिराफ, स्वभावाने अगदी गरीब) नवा कॅमेरा घेतलाय. तो अंधारातही छान फोटो काढतो आणि माणसाचा डोळा आपला आपण शोधून त्यावर फोकस धरतो. मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेते. निदान संध्याकाळी कोणीतरी माझी तक्रार ऐकावी की नाही?

घाई का आहे तेही ऐक. आई पोहायला शिकते आहे! बाबांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, पण लहानपणी नदीत पाय घसरला तेव्हापासून ही बाई घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. आता गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाण्यात व्यायाम करा, नाहीतर हातात काठी घ्या. काठीचं नाव ऐकून ती तलावात उतरली. बाबा काठावरून ओरडतात, ती पाण्यातून ओरडते, आणि बाकीचे शिकाऊ लोक गुपचूप दुसऱ्या टोकाला सरकतात. अजून तिने कठडा सोडलेला नाही. पण ज्या दिवशी सोडेल त्या दिवशी मी तिथे फोटो काढायला हजर पाहिजे, असं तिने मला बजावलंय. तो क्षण मी या डबड्यात पकडू?

नवा कॅमेरा घ्यायला बाबांची हरकत नाही, पण तू हो म्हणालीस तरच, असं म्हणून त्यांनी हात झटकले. तेव्हा हो म्हण.

लोभ आहेच, या वेळी तो होकाराच्या रूपाने यावा.

तुझी
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि तितकीच बोलणी.

पत्रानेच उत्तर देते आहे, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस.

तुझे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडून बघितले. मग उचलून ठेवले, कारण अन्न गोड लागेना. एका फोटोत दादाच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवलाय. दुसऱ्यात तू तुझ्या आईपासून इतकी लांब उभी आहेस की बिचाऱ्या वहिनींना गोवर झालाय असं वाटावं. तिसऱ्यात नुसतं पाणी. चौथ्यात काय आहे ते तूच मागे लिहून पाठव. नवा कॅमेरा तो खांब बाजूला करणार आहे का? तुझ्याऐवजी चार पावलं पुढे जाणार आहे का? अगं, जन्मभर मी लोकांचे चेहरे काढले. दारातून आत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं की कॅमेरा कुठला. मी खिडकीचा पडदा अर्धाच का सरकवला, हे एकानेही कधी विचारलं नाही.

माणूस पुसट येतो तो तुझ्या हातामुळे. तुला चमचासुद्धा स्थिर धरता येत नाही, उगाच का सगळे भिंगरी म्हणतात? श्वास रोखायचा आणि मग बटन दाबायचं. कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस, त्याने माझं घर चालवलंय.

आता एक काम कर. घरातली एक खुर्ची खिडकीपाशी ठेव आणि महिनाभर फक्त तिचेच फोटो काढ. सकाळी काढ, दुपारी काढ, जवळून काढ, खाली बसून काढ. खुर्ची पळत नाही, ओरडत नाही आणि फोटो वाईट आला तर रुसतही नाही. तुझ्यासारखीला तेवढंच बरं.

नव्या कॅमेऱ्याला माझा साफ नकार आहे. दादाला हे मोठ्याने वाचून दाखव.

लोभ कमी होत नाही, तू कितीही प्रयत्न केलास तरी.

तुझी
आत्या

९ एप्रिल

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. घे तुझी खुर्ची! महिनाभर काढली. सकाळी काढली, दुपारी काढली, पोटावर झोपून काढली. शेजारच्या काकू डोकावून गेल्या आणि आईला हळूच विचारू लागल्या की घरात काही वाईट झालंय का, मुलगी सारखी रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली असते. बाबा त्या खुर्चीवर बसायलाही आता माझी परवानगी मागतात. तीसुद्धा टोमणा मारल्यासारखी.

खोटं बोलणार नाही, एक गोष्ट दिसली. खुर्चीच्या पाठीचा वेत सकाळी सपाट दिसतो आणि ऊन तिरकं आलं की एकेक वीण उठून येते. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. एवढं तुझं खरं.

पण माझंही ऐक ना जरा! मी कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला, श्वास रोखला, हातही न लावता फोटो निघेल अशी सोय केली. तरी खुर्चीच्या पुढच्या पायावर नेम धरला की मागचा पाय स्वच्छ येतो. बाबांच्या नाकावर धरला तर कान स्वच्छ येतो. हात हलला असता तर कानही हलला असता की नाही? तीनदा लिहिलं तुला हे, पहिल्या पत्रात आणि मधल्या दोन कार्डांत. तिन्ही वेळा तू माझ्या चमच्यावर घसरलीस.

मी आता थकले. येत्या रविवारी आई कठडा सोडणार असं बाबा म्हणतात. आई म्हणते की असं म्हणायचा अधिकार फक्त तिचा आहे. मी जिराफाचा नवा कॅमेरा मागून घेतलाय. तू रागावलीस तरी चालेल. फोटो बघशील तेव्हा निवळशील.

माया असू दे, खुर्चीएवढी तरी.

तुझी
भिंगरी

१५ एप्रिल

प्रिय वन्संना,

सौ. वहिनीचा स. न. वि. वि. पत्र लिहायची मला सवय नाही, पण घरात कोणाशी बोलावं असं उरलेलं नाही. हे बोलले की शिकवतात, आणि पोरगी खोलीचं दार लावून बसली आहे.

रविवारी मी कठडा सोडला. कसा सोडला ते माझं मला माहीत नाही. हे नेहमीप्रमाणे ओरडत होते की हात लांब करा, मान सैल सोडा, दगडासारख्या काय उभ्या आहात. मला इतका संताप आला की एकदाचं हे ओरडणं थांबावं म्हणून मी हात काढले. आणि वन्सं, पाण्याने मला धरलं. खरंच धरलं. चार हात तरी मारले असतील. इतक्या वर्षांची ती भीती, नाकातोंडात गेलेलं ते गढूळ पाणी, काही म्हणजे काही आठवलं नाही. लहान मुलाला होतो तसा आनंद झाला मला, आणि मी पोरीकडे बघितलं.

ती खाली बघत होती. मांडीवरच्या त्या कॅमेऱ्यात बोटं घालून काहीतरी शोधत होती. मला तिच्या केसांचा भांग तेवढा दिसला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. मग ह्यांनी उडी मारली, मला ओढून काढलं आणि वर आल्यावर दोघींनाही फैलावर घेतलं, सगळ्या लोकांसमोर.

मी आता पाण्यात जाणार नाही. काठी वाईट नसते. पोरीला तुम्ही काही बोलू नका, ती आपण होऊनच अर्धी झाली आहे. फोटो नाही निघाला याचं मला काही नाही. तिने बघितलं असतं तर पुरे होतं.

तुमची माया अशीच राहावी. पत्राची वाच्यता ह्यांच्याकडे नको.

तुमची
वहिनी

१७ एप्रिल

आत्या,

नमस्कार. आज अक्षरंही नीट येत नाहीत, समजून घे.

आईने तुला लिहिलं असणार. तिच्या पिशवीत पाकीट दिसलं. मी काय झालं ते सांगते, सफाई म्हणून नाही. जिराफाचा कॅमेरा हातात घेतला तेव्हा वाटलं की आता सगळं सोपं. सुरुवातीला आलेही छान. काठावरचे ओले टॉवेल, बाबांची शिट्टी, सगळं कसं धुतल्यासारखं स्पष्ट. मग त्याने पडद्यावर मला काहीतरी विचारलं. मला ते कळेना, म्हणून मी एक बटन दाबलं, तर त्याने आणखी चार गोष्टी विचारल्या. मी त्यांची उत्तरं देत बसले. मान वर केली तेव्हा बाबा पाण्यात होते आणि आई खोकत होती. ती मला म्हणाली, बघितलंस ना गं? मी हो म्हणाले. तिला कळलं.

तुझा कॅमेरा वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे. नीट गुंडाळलाय. मला फोटोग्राफी जमणार नाही, नव्याने नाही आणि जुन्यानेही नाही. तुझंच बरोबर होतं, असं लिहिलं की तुला बरं वाटेल, म्हणून लिहिते.

लोभाचं तू ठरव.

भिंगरी

२६ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. नेहमीपेक्षा जास्त, आणि त्याचं कारण ऐक.

पार्सल आलं. तुझी चांगली हजेरी घ्यायची म्हणून मी पुरावा जमवायला बसले. स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्या तिरप्या रांगेत मांडल्या, कॅमेरा टेबलावर घट्ट बसवला आणि मधल्या बरणीवर फोकस धरला. फोटोत मधली बरणी पुसट आणि तिच्या मागची स्वच्छ, झाकणावरचा ओरखडासुद्धा मोजून घ्यावा अशी. पुन्हा काढला. तेच. चष्मा पुसून काढला. तेच! सबंध दुपार मी त्या बरण्यांशी भांडत बसले आणि हरले. लेन्सला कधीतरी धक्का बसलाय. तुझा हात हलत नव्हता. तू तीनदा लिहिलंस आणि मी तीनदा वाचलं नाही. माझ्याकडून चूक झाली. हे वाक्य दादाला वाचून दाखवायची गरज नाही.

पण म्हणून लगेच हुरळू नकोस. रविवारी तुझ्या हातात चांगली, नवी कोरी वस्तू होती. ती चुकली नाही, तू चुकलीस. लेन्सने तुला सांगितलं नव्हतं की मान खाली घाल. वहिनींनी मला तुला बोलू नका म्हणून लिहिलंय, म्हणून मी एवढ्यावरच थांबते. किती कष्टाने थांबले आहे ते तुला कळणार नाही.

कॅमेरा परत पाठवते आहे. बिघडलेली लेन्स काढून दुसरी बसवली आहे. ही आपली आपण फोकस करत नाही, तिचं कडं हाताने फिरवावं लागतं. धावत्या माणसामागे ती फिरवशील तर माणूस घरी पोचेल. माणूस कुठे येणार ते आधी ओळखायचं, तिथे फोकस लावून ठेवायचा आणि वाट बघायची. वाट बघायला मात्र माणूस माहीत पाहिजे.

म्हणून आधी कॅमेरा कपाटात ठेव आणि आईबरोबर तलावावर जा. ती यायची नाही म्हणेल. तू जा आणि तिच्या पायाशी बसून राहा. मी सांगते म्हणून नको, तिने तुला मागितलं होतं म्हणून.

लोभाचं मी ठरवलं. तो आहे तिथेच आहे.

तुझी
आत्या

३० मे

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार जरा वाकून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आईला सांगितलं की मी तिला खोटं सांगितलं होतं, मी काहीच बघितलं नव्हतं. ती म्हणाली की हे तिला ठाऊक आहे आणि आता भाजी चिरू दे. मग मीच रोज ऑफिस सुटल्यावर तिची पिशवी भरून दारात ठेवू लागले. ती रोज ती पिशवी उचलून आत ठेवायची. बाबांनी समजावायला तोंड उघडलं की आम्ही दोघी त्यांना गप्प करायचो, तेवढं एक आमचं जमत होतं. शेवटी ती वैतागून म्हणाली की हे पिशवीचं नाटक थांबवायचं असेल तर ती येते. पण अट अशी की ते यंत्र बरोबर नको.

त्यानंतर रोज मी काठावर पाय पाण्यात सोडून तिच्याजवळ बसते. हातात काही नसलं की काय करावं तेच कळत नाही बघ! पहिले काही दिवस मला कंटाळ्याने झोप यायची. मग दिसायला लागलं. आई कठडा सोडण्याआधी एक डोळा मिटते. हनुवटी आत ओढते. बाबांचा आवाज चढला की तिचे खांदे कानांपर्यंत येतात आणि ती बुडते. आवाज उतरला की तरंगते. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले की जन्म गेला त्यांचा शिकवण्यात, आता पोटच्या पोरीकडून शिकायचं राहिलंय. पण दुसऱ्या दिवशी खरंच हळू बोलले. हळू बोलताना ते इतके चिडलेले दिसत होते की आईला पाण्यात हसू फुटलं.

आणि उजेड! पश्चिमेच्या काचांमधून संध्याकाळी एक पट्टा आत येतो. तो आधी पायऱ्यांवर असतो, मग पाण्यावर उतरतो, आणि तासाभरात समोरच्या भिंतीवर चढून विझतो. इतके दिवस मी या जागेला कोंदट म्हणत होते.

काल घरी येताना आईने आपण होऊन विचारलं की तो आत्याचा कॅमेरा बिघडला की काय. मी म्हटलं, कपाटात आहे. ती म्हणाली, कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?

माया अशीच असू दे, जरा ओरडत असलीस तरी.

तुझी
भिंगरी

२२ जून

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. हातात अजून कंप आहे, आणि या वेळी तो खरंच माझ्या हाताचा आहे.

आई काल तलावाच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत पोहली. रुंदीच्या बाजूने, पण मधे कुठेही न धरता. मी सगळं बघितलं. तिने डोळा मिटला, हनुवटी ओढली, तेव्हाच मला कळलं की आज ही निघणार. मी उजेडाच्या पट्ट्यावर फोकस लावून बसले होते, कारण ती तिथून जाणार हे मला माहीत होतं. ती पट्ट्यात आली, मी बटन दाबलं. तो फोटो बरा आहे. त्यात आई आहे, पाणी आहे, खांब नाही. पाठवते.

पण मला दुसऱ्याबद्दल लिहायचंय. आई पट्ट्याच्या पुढे गेली तेव्हा एकदम जाणवलं की बाबांचा आवाज येत नाहीये. कधी नव्हे ते गप्प. मी मान वळवून बघितलं. ते काठाकाठाने तिच्या बरोबरीने चालत होते आणि हवेत हात मारत होते. आत्या, कोरड्या फरशीवर! तिचा हात पुढे गेला की यांचा हात पुढे. तिने श्वास घेतला की यांचं तोंड उघडतंय. त्यांना काही म्हणजे काही भान नव्हतं. मी कडं फिरवलं आणि एकच फोटो काढला. मग ती काठाला लागली आणि त्यांनी लगेच आरडाओरडा सुरू केला की पाय कोण मारणार, शेजारीण मारणार का.

फोटोत वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात. बाबांचा डावा हात अंधारात गेलाय. आता मला नक्की सांगता येतं की मला काय कमी पडलं: त्या कोपऱ्यात उजेड नव्हता आणि हा कॅमेरा तिथे हात टेकतो. बाकी चुका माझ्या आहेत.

उत्तराची वाट बघते, धाकधुकीने.

तुझी
भिंगरी

३० जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

वहिनींचा फोटो नीटनेटका आहे. तसे मी माझ्या हयातीत ढिगाने काढले.

दादाच्या फोटोबद्दल. फरशी उतारावर असल्यासारखी कललेली आहे. कठड्याची नळी सरळ त्याच्या कानात शिरली आहे. वहिनींचं नुसतं एक पाऊल कोपऱ्यात आलंय, पाव इंच डावीकडे वळली असतीस तर काय बिघडलं असतं? एवढं सगळं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि फोटो पुन्हा हातात घेतला. माझा सख्खा भाऊ तो. मी त्याला लहानपणापासून ओरडताना बघत आले. त्याचे फोटोही कमी नाही काढले, कोट घालून, केस बसवून, हनुवटी वर करून. हा माणूस त्यातल्या एकातही नाही. मला मोठा छापून पाठव.

आता नवा कॅमेरा घे. दादाला सांग, माझा होकार आहे. मार्चमध्ये तू मागत होतीस तेव्हा तुला काय हवं ते तुला माहीत नव्हतं. आता अंधारात हात टेकतो म्हणून लिहितेस, आणि बरोबर लिहितेस. तसा उजेड मलाही कधी पकडता आला नाही, मी दिवे लावायची आणि बिचारी माणसं ताठ व्हायची. हल्लीच्या कॅमेऱ्यांना ते जमतं म्हणतात. जमत असेल. घे, आणि त्याने पडद्यावर काही विचारलं तर आधी मान वर करून बघ समोर कोण आहे.

लोभ वाढला आहे. याचा गैरफायदा घेऊ नकोस.

तुझी
आत्या

८ जुलै

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. पोरीने मोठे फोटो छापून आणले. तुमचा वेगळा पाठवते आहे, दुमडू नये म्हणून मधे पुठ्ठा घातलाय.

ह्यांनी तो बघितला आणि घर डोक्यावर घेतलं. म्हणाले की हा काय अवतार, खुळ्यासारखा हातवारे करणारा माणूस म्हणून मला दाखवता, शिकणारी माणसं हसतील मला. तलावाच्या ऑफिसात लावायचा विचार पोरीच्या मनात होता, तो तिथल्या तिथे मोडून काढला. मग जरा वेळाने स्वतःच चष्मा लावून पुन्हा बघायला आले आणि त्या कोपऱ्यातल्या पावलाकडे बोट दाखवून म्हणाले की पंजा ताठ आहे, शंभरदा सांगितलं तरी ताठच.

वन्सं, इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांचा आवाज तेवढा ऐकला. पाण्यात तर मान खाली, कानात पाणी, काठावर काय चाललंय ते दिसणार कसं? त्या दिवशी आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, कंटाळून गेले असतील कुठेतरी. बरं झालं, आता निवांत पोहू या, असं म्हणत मी एकटीनेच तो काठ गाठला. निदान माझी तशी समजूत होती.

फोटो मी कपाटाच्या दाराला आतून लावलाय. कपडे बाहेर काढताना दिसतो.

आता आवरते. खाली उभं राहून हाका मारणं चाललंय, आज लांबीच्या बाजूने पोहायचं म्हणे. गुडघ्याचं विचारलंत तर बरा आहे. तुमची आमच्यावरची माया कायम राहो, आणि एकदा इकडे येऊन ह्यांना जरा हळू बोलायला सांगा.

तुमची
वहिनी